दिवाळीला व्यवसायातल्या ग्राहकांसाठी बोटाने हलणारं डिजिटल शुभेच्छापत्र कसं डिझाइन करावं?

तुमचा ठिबक आणि पाइपचा धंदा, दीडशेक डीलर, आणि यंदा छापील कार्डाऐवजी फोनवर स्वतः काहीतरी करता येईल असं पत्र हवंय. मी जळगावात हेच काम करतो. अनुभवावरून सांगतो, पत्रात करायची गोष्ट एकच ठेवा.

माझं असं पहिलं पत्र एका डाळ मिलसाठी होतं. त्यात आतषबाजी, सनई, फिरणारा लोगो आणि शेवटी नवं दरपत्रक, सगळं कोंबलं होतं. ते उघडलं तेव्हा मी यावलला एका दुकानात समोरच उभा होतो. दुकानदार अप्पांच्या एका हातात फोन, दुसऱ्यात वजनाचं माप, काउंटरवर गिऱ्हाईक. स्क्रीनवर गोल चक्र फिरतच राहिलं. अप्पांनी फोन गल्ल्यावर पालथा ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. फार लागलं मनाला.

पुढच्या वर्षी फक्त अंधारं अंगण आणि एक पणती ठेवली. वातीवर बोट धरायचं, ज्योत पेटते, उजेड पसरतो तसं पाहणाऱ्याचं नाव दिसू लागतं. टेकवल्याबरोबर पेटवू नका. खऱ्या वातीला काडी लावल्यावर जो क्षणभर वेळ जातो, तो इथेही जाऊ द्या. सगळी गंमत त्या क्षणात आहे. वात बारीक दिसली तरी चालेल, पण तिच्याभोवती स्पर्श घेणारी जागा निदान 48 पिक्सेल हवी. अँड्रॉइडवर ज्योत धरताना फोन हलकासा थरथरवता येतो, आयफोनच्या सफारीत नाही. आवाज मी ठेवत नाही. तसाही बोट लागेपर्यंत ब्राउझर तो वाजू देत नाहीत.

नावावर मात्र भरपूर वेळ घाला. बिलाच्या यादीतून नावं थेट उचलली तर 'प्रिय अमुक ट्रेडर्स' असं पत्र जातं. एक्सेलमध्ये 'हाक' नावाचा वेगळा रकाना करा आणि तुमच्या सेल्सच्या पोरांना विचारून भरा: अप्पा, नाना, भाऊसाहेब, ताई. धुळे-नंदुरबारकडच्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या डीलरांना 'दिवाईन्या शुभेच्छा' अशी ओळ द्या. हे पत्र म्हणजे लिंकवरून उघडणारं एक वेबपान, पण त्या लिंकमध्ये नाव घालू नका. देवनागरी नाव तिथे टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतं आणि माणूस फसवणूक समजून घाबरतो. प्रत्येकाला छोटा क्रमांक द्या, पत्ता तुमच्याच वेबसाइटचा ठेवा.

मजकूर प्रेसवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये, आला असेल तर तो सगळ्या फोनांवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर वेबवर अगम्य चिन्हं उमटतील. पान बनवणाऱ्या डेव्हलपरला पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा आणि मराठी वळणाची सोय असलेला फॉन्ट घ्या. नाहीतर 'शुभेच्छा'मधला श आणि 'लक्ष्मी'तला ल हिंदी वळणाचे येतात. आपल्या माणसाला ते कळतं.

पान जड करू नका. पणती व्हिडिओऐवजी कोडनेच काढली तर सगळं काही शे केबीत बसतं आणि रेंज कमी असलेल्या शेतातही उघडतं.

पाठवण्याचं म्हणाल तर, व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. शिवाय प्रत्येकाची लिंक वेगळी, म्हणजे ब्रॉडकास्टचा उपयोगच नाही. प्रत्येक डीलरला त्याच्या ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून, एकेक करून पाठवा. एका दुपारचं काम आहे. वसुबारसेला पाठवा, लक्ष्मीपूजनाला त्यांच्या दुकानात वहीपूजनाची गडबड असते आणि फोन शुभेच्छांनी तुडुंब भरलेला असतो.

दरपत्रक, ऑफर, 'संपर्क करा'चं बटण यातलं काहीही त्या पानावर नको. ज्योतीखाली तुमची सही, पेनाने कागदावर करून स्कॅन केलेली, एवढीच ठेवा.