थंडीतलं हरितगृह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकला गच्चीवर आठ बाय सहा फुटांचं, सात फूट उंच पॉलीहाऊस आहे. त्यातल्या डेंड्रोबियम नोबिले या ऑर्किडच्या कांड्या जोमदार होतात, पण फेब्रुवारीत कळ्यांऐवजी पेरांवर पिलं फुटतात. खत-पाणी वेळच्या वेळी देतो.

उत्तर : वेळच्या वेळी देता, तिथंच बिघडतंय. नोबिले हे सिक्कीमचं राज्यफूल. हिमालयाच्या पायथ्याशी त्याला हिवाळा थंड, कोरडा आणि भरपूर उजेडाचा मिळतो. थंडीत ओल आणि नत्र मिळत राहिलं की पेरावरच्या डोळ्यातून फुलाऐवजी रोप निघतं. सप्टेंबरअखेर नत्र असलेलं प्रत्येक खत बंद करा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) सुद्धा. ऑक्टोबरच्या मध्यापासून आठ-दहा दिवसांतून एकदा, सकाळी, थोडंसं पाणी. कांड्या जरा सुरकुतल्या तर घाबरू नका. पार चिपाड व्हायला लागल्या तरच वाढवा. पानं गळतील, गळू द्या. बोडक्या कांड्या मात्र छाटू नका, फुलं त्यांच्यावरच येतात.

आणि नोव्हेंबरात ही कुंडी पॉलीहाऊसबाहेर काढा, सकाळचं ऊन मिळेल अशी. १० ते १४ अंशांच्या रात्री महिना-सव्वा महिना तिला हव्याच असतात. नाशिकची थंडी त्या फुकट देते. पारा ७ अंशांखाली जाणार असेल तेवढ्या रात्री आत घ्या. पेरावरचा फुगवटा कळीचाच आहे हे स्पष्ट दिसल्यावरच पाणी वाढवायचं. इथं घाई केली की पुन्हा पिलं! आधीची पिलं मुळं दोन इंचांची झाली की वेगळी लावा.

प्रश्न : याच पॉलीहाऊसमधल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. रात्री उबेसाठी कोळशाची शेगडी ठेवतो.

उत्तर : शेगडी आजच बाहेर काढा. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून इथिलीन वायू निघतो आणि कळ्या गळायला तो अगदी थोडाही पुरतो. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठला तर आत जाणाऱ्या माणसाच्याच जिवावर बेतेल.

विजेच्या हीटरचा हिशेब असा : भिंती आणि छत मिळून तुमचा सुमारे २३ चौरस मीटर प्लॅस्टिकचा कागद. एकेरी पॉलिथिनमधून दर चौरस मीटरला, अंशाच्या फरकामागे साधारण ६ वॉट उष्णता निसटते. बाहेर १० आणि आत १६ अंश हवे असतील तर ८०० वॉटच्या आसपास लागतात. थर्मोस्टॅट असलेला १००० वॉटचा हीटर घ्या. आतून एक-दोन सेंटिमीटर पोकळी सोडून दुसरा कागद ताणला तर ५०० वॉटवर भागतं; निफाडसारखी कडाक्याची थंडी पडते तिथं तो हवाच. पाण्याच्या ड्रमची शिफारस बरेच जण करतात. पण २०० लिटर पाणी ५ अंशांनी निवलं तर जेमतेम सव्वा युनिट ऊब मिळते, आणि एकेरी कागदाला रात्रभरात आठ युनिट लागतात. जोडीला ठीक, हीटरऐवजी नाही.

हीटरची गरम हवा थेट कुंडीवर नको, तिनंही कळ्या सुकतात. छोटा पंखा सतत चालू ठेवा. दुपारी आतला पारा ३० च्या वर चढला की पडदा उघडा. पाणी सकाळीच द्या आणि पानांच्या बेचक्यात साचलेलं टिपून घ्या, नाहीतर रात्रीत गाभा कुजतो. ओल्या जागेत वीज वापरताय, तेव्हा गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवा.

प्रश्न : अडेनियमची (वाळवंटी गुलाबाची) पानं गळाली. पाणी वाढवू का?

उत्तर : नको. खोड दाबून घट्ट लागत असेल तर फेब्रुवारीअखेरपर्यंत पाणी बंद. मऊ लागलं तर कूज आहे : उपटा, पांढरा निरोगी गर दिसेपर्यंत कापा, बुरशीनाशक लावा आणि आठवडाभर सावलीत सुकवून कोरड्या, भरड मिश्रणात लावा.