बोअर वाढवल्यावर कार्बोरेटरही मोठा हवा का?

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या सिलिंडरचा व्यास (बोअर) ६८ वरून ६९ मिलिमीटर केला आहे. मेकॅनिक आता मोठा कार्बोरेटर (पेट्रोल व हवेचे मिश्रण करणारा भाग) आणि नवा मॅनिफोल्ड (ते मिश्रण इंजिनात नेणारी नळी) बसवायला सांगत आहेत. तो खर्च आवश्यक आहे का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : माझ्या मते नाही. पद्मिनीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका फेरीची लांबी, ७५ मिलिमीटर असल्यामुळे आपले इंजिन १०८९ वरून साधारण ११२२ सीसी झाले आहे. म्हणजे वाढ जेमतेम तीन टक्क्यांची आहे. एवढ्यासाठी मोठा कार्बोरेटर बसवला, तर कमी आरपीएमवर त्याच्या गळ्यातून जाणाऱ्या हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे तुषार नीट होत नाहीत आणि सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) गर्दीत गाडी अडखळू लागते.

खरे लक्ष मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरवरचे झाकण) यांच्या सांध्याकडे द्यावे. मॅनिफोल्ड उतरवून हेडच्या पोर्टवर (मिश्रण आत जाण्याच्या छिद्रावर) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ चकती, ठेवा आणि आतून नख फिरवा. गॅस्केटची कड पोर्टमध्ये डोकावत असेल, तर नख तिथे अडकते, आणि हवाही तिथेच अडते. ती कड नेमकी कापून घ्यावी. मॅनिफोल्डचे तोंड मात्र हेडच्या पोर्टपेक्षा मोठे होऊ देऊ नये.

मेन जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) आधी मूळचाच ठेवावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथली हवा विरळ आहे व मिश्रण मुळात थोडे श्रीमंतच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, असते. कसारा घाट चढून आल्यावर स्पार्क प्लग काढून पाहावा : फिकट तपकिरी असल्यास ठीक, पांढरा पडला असल्यास जेट एक नंबर वाढवावा.