हक्क होता, पण कशाचा?

प्रश्न : अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीमुळे नव्हे, राज्यांच्या हक्कांसाठी झालं, असं माझा भाचा रंकाळ्यावर फिरताना ठासून सांगत होता. खरं काय? (एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : भाच्याला एवढंच विचारा, हक्क कशाचा? कोल्हापुरात तीस वर्षं इतिहास शिकवताना मी हा प्रश्न दर वर्षी फळ्यावर लिहायचो.

डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना हे दक्षिणेतलं राज्य अमेरिकेच्या संघराज्यातून सर्वांत आधी फुटून निघालं आणि त्यांनी कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली मोठी तक्रार कोणती? पळालेले गुलाम उत्तरेकडची राज्यं परत करत नाहीत! म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपल्या हक्कात केलेले कायदेच यांना खुपत होते. जकातीवरून भांडण झालं असंही काही जण सांगतात, पण तिचा त्यात उल्लेखही नाही. मिसिसिपी या दक्षिणेतल्याच दुसऱ्या राज्याने तर आपली भूमिका गुलामगिरीशीच पुरती बांधलेली आहे, असं सरळ लिहून दिलं. हे त्यांचेच शब्द आहेत, शत्रूचे नव्हेत. मुलांना मी ते मोठ्याने वाचायला लावायचो. वर्ग एकदम गप्प व्हायचा.

भाच्याचं एक मान्य करा. राष्ट्राध्यक्ष लिंकन सुरुवातीला लढले ते संघराज्य टिकवायला. गुलामांच्या मुक्तीची त्यांची घोषणा अमलात आली १ जानेवारी १८६३ ला. पण उत्तर का लढली आणि दक्षिण का फुटली, हे प्रश्न वेगळे. त्या वेळी तिथे सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती.

आणि आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच. ती अर्पणपत्रिका भाच्याला वाचायला द्या.