जर्मनीत लहान मुलांना घेऊन 'मुटर-किंड-कूर'ला (आई-मुलांनी आरोग्य केंद्रात राहून घ्यायच्या उपचारांना) जाता येतं का?

हो, आणि तब्येत खालावली असेल तर जरूर जा. नोकरी, दोन लहान मुलं, मदतीला ना आई ना सासूबाई. तुम्ही लिहिलेल्या अशा परिस्थितीसाठीच ही सोय आहे. सरकारी आरोग्य विमा असेल तर अर्ज मंजूर झाल्यावर साधारण तीन आठवड्यांचा खर्च विम्यातून होतो. मोठ्यांना रोज 10 युरो भरावे लागतात, मुलांचे काही नाही. हे दिवस वार्षिक रजेतून कापत नाहीत. बाबाही मुलांना घेऊन जाऊ शकतात.

सगळी मदार डॉक्टरांच्या दाखल्यावर असते. नुसतं 'थकवा' लिहून भागत नाही. रात्री किती वेळा उठता, पाठ कधीपासून धरलीय, मुलांवर विनाकारण ओरडलं जातं का, हे सगळं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आपल्या बायका नेमकं हेच गिळून टाकतात! अर्ज भरायला कारितास किंवा डियाकोनी या चर्चच्या सेवाभावी संस्थांच्या सल्ला केंद्रात मोफत मदत मिळते. नकार आला तर महिन्याभरात लेखी हरकत घ्या, ती मान्य होऊ शकते.

तुमच्या उपचारांच्या वेळी मुलांना तिथलेच कर्मचारी सांभाळतात. शाकाहारी असाल तर जेवणाचं आधीच कळवून ठेवा.