हौदात गप्पी मासे सोडल्यापासून डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) इतक्या लहान असतानाच अंडी का धरतात?

गप्पी नजरेनं शिकार करतो, आणि मोठी, अंड्यांनी भरलेली मादी त्याला आधी दिसते. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी हौद आणि डासांसाठी त्यात गप्पी. हा प्रयोग आपल्या अंगणात फुकटातच चालू असतो म्हणा ना.

माशाच्या अंगातून पाण्यात उतरणारी रसायनं डॅफ्नियाला जाणवतात. त्यांना कैरोमोन म्हणतात. ती जाणवली की मादी अंगानं लहान असतानाच वयात येते आणि मोजकी मोठी पिल्लं देण्याऐवजी पुष्कळ बारीक पिल्लं देते. वाढत बसली तर प्रजननाआधीच माशाच्या पोटात जायची.

शत्रू बदलला की हिशेब उलटा! कॅओबोरस या कीटकाच्या अळ्या लहान डॅफ्निया धरतात, मोठ्या त्यांच्या तोंडात मावत नाहीत. तिथे डॅफ्निया उशिरा, मोठी होऊन वयात येते. पिल्लं कमी पण धष्टपुष्ट. काही जातींच्या पिल्लांना तर मानेवर काटे फुटतात.

मात्र उन्हाळ्यात सगळं माशांवर ढकलू नका. गरम पाण्यातही त्या लहान आकारातच वयात येतात.

डॅफ्निया मॅग्ना ही जात माशांचा धोका वाढला की कवचबंद सुप्त अंडीही घालते. ती कोरड्यात टिकतात, माशाच्या पोटातूनही काही जिवंत बाहेर पडतात. तेव्हा हौद धुताना तळाचा थोडा गाळ बिनमाशांच्या बादलीत पाण्यात ठेवून त्या अंड्यांतून डॅफ्निया निघतात का बघा.