प्रश्नोत्तरे : करार मोडणाऱ्यांसाठी केलेला करार

प्रश्न : प्रभू येशूच्या नावात सलाम. दर वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मी देवाशी करार करते की, नव्या वर्षात रोज पवित्र शास्त्र वाचीन, रागावर ताबा ठेवीन आणि कोणाविषयी वाईट बोलणार नाही. दोन महिन्यांच्या आत तो करार माझ्याकडून मोडतो. मग प्रभुभोजनाच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसते आणि भाकर व प्याला न घेताच घरी येते. आपण नव्या कराराचे लोक आहोत असे उपदेशात ऐकते. पण जी करार पाळू शकत नाही, तिला त्यात कोणते स्थान आहे? — एक वाचक भगिनी

उत्तर : भगिनी, ३१ डिसेंबरच्या रात्री तुम्ही देवापुढे जे बोलता ते तुमचे वचन आहे आणि ते मनापासून दिलेले असते, याविषयी मला शंका नाही. परंतु पवित्र शास्त्र ज्याला नवा करार म्हणते तो तुम्ही केलेला नाही, आणि म्हणून तो तुमच्या फेब्रुवारीतल्या अपयशाने मोडतही नाही.

सीनाय पर्वताच्या पायथ्याशी काय घडले ते निर्गमाच्या २४व्या अध्यायात वाचा. मोशेने कराराचे पुस्तक लोकांना वाचून दाखवले, परमेश्वराने सांगितले ते सर्व आम्ही करू असे लोकांनी एकमुखाने म्हटले, आणि यज्ञपशूंचे अर्धे रक्त वेदीवर व अर्धे लोकांवर शिंपडले गेले. त्यानंतर मोशे चाळीस दिवस पर्वतावर होता, आणि तेवढ्या अवधीत त्याच लोकांनी सोन्याचे वासरू घडवले. त्यांनी खोटे वचन दिले होते असे मला वाटत नाही. ते तुमच्या-माझ्यासारखेच खरे बोलले आणि तुमच्या-माझ्यासारखेच पडले.

पुढे अनेक शतकांनी, यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला असताना, सिद्कीया राजाने लोकांबरोबर करार केला की, प्रत्येकाने आपल्या इब्री दासदासींना मुक्त करावे. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात त्याची हकिकत आहे. वासराचे दोन भाग करून सरदार, याजक आणि लोक त्या दोन भागांमधून चालत गेले. आम्ही शब्द मोडला तर आमचीही अशीच गत होवो, हा त्या विधीचा अर्थ होता. वेढा काही काळ उठला आणि संकट टळलेसे दिसताच त्यांनी सोडलेल्या माणसांना धरून आणून पुन्हा दास केले. ज्या यिर्मयाने हे डोळ्यांनी पाहिले, त्याच्याच मुखातून ३१व्या अध्यायातले नव्या कराराचे अभिवचन आले आहे. त्याच्या तरुणपणी योशीया राजाने मंदिरात सापडलेले नियमशास्त्र वाचून मोठी सुधारणा केली होती, तीही राजाबरोबर संपली. त्यामुळे लोकांनी आणखी एकदा जोर लावून वचन द्यावे, असा उपाय त्या अभिवचनात नाही. त्यात बोलणारा देव आहे आणि करणाराही देवच आहे: मी माझे नियमशास्त्र त्यांच्या अंतर्यामी ठेवीन, मी ते त्यांच्या हृदयावर लिहीन, मी त्यांचा देव होईन, मी त्यांच्या अधर्माची क्षमा करीन आणि त्यांचे पाप यापुढे स्मरणार नाही. या ओळी सावकाश वाचताना क्षमेचे वाक्य कोठे येते ते पाहा. लहानथोर सर्व मला ओळखतील, कारण मी त्यांना क्षमा करीन, असा तो क्रम आहे. क्षमा हे नीट वागल्याचे बक्षीस म्हणून शेवटी ठेवलेले नाही. बाकीचे सारे तिच्यावर उभे आहे.

देवाने हे आधीही दाखवले होते. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राहामाने पशू चिरून त्यांचे भाग समोरासमोर मांडले, पण त्याला गाढ निद्रा लागली आणि त्या भागांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल एवढेच गेले. अब्राहामाला त्यांतून चालावे लागले नाही. कराराचा सारा भार देवाने स्वतःवर घेतला, आणि तो किती जड होता हे वधस्तंभावर कळले. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, भोजनात प्याला हाती घेऊन, हा माझ्या रक्तातला नवा करार आहे, असे प्रभूने म्हटले, तेव्हा मेजाभोवती कोण होते? त्याच रात्री नाकारणारा पेत्र होता, आणि पळून जाणारे बाकीचे होते. प्रभूला हे ठाऊक होते, त्याने ते बोलूनही दाखवले, आणि तरी प्याला त्यांच्याच हाती दिला.

तुम्ही प्याला घेत नाही त्यामागे १ करिंथ ११ मधील अयोग्य प्रकारे खाण्यापिण्याविषयीचा इशारा असावा. तो गंभीर आहे आणि मी तो सौम्य करणार नाही. पण ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तो कोणाला दिला ते पाहावे. करिंथच्या मंडळीत सुस्थितीतले लोक आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत, आणि या भेदाची कोणाला लाज वाटत नसे. अशांना त्याने सांगितले की, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी व प्याला प्यावा. परीक्षा करून घरी जावे, असे त्याने म्हटलेले नाही. ज्या व्यक्तीवर तुम्ही रागावलात तिच्याशी शक्य तर शनिवारीच समेट करा आणि रविवारी पुढे या.

रागाविषयीही एक शब्द. हृदयावर लिहिणे हे केवळ क्षमेचे दुसरे नाव नाही. यहेज्केल ३६ मध्ये देव नवे हृदय देण्याचे आणि आपला आत्मा आत घालण्याचे अभिवचन देतो, तेव्हा खरा पालट अपेक्षित आहे. तुम्हाला आपल्या बोलण्याची खंत वाटते, ती कोणी बाहेरून लादलेली नाही. त्या लेखणीचे काम सुरू असल्याची ती खूण आहे, असे मी मानतो. ३१ डिसेंबरचा संकल्प जरूर करा, पण त्याला प्रार्थना म्हणा आणि त्यावर आपले तारण टांगू नका.

प्रश्न : नवा करार आला म्हणजे दहा आज्ञा रद्द झाल्या का? — एक तरुण वाचक

उत्तर : नाही. जे हृदयावर लिहिले जाते ते देवाचेच नियमशास्त्र आहे. संपले ते मंदिर, याजक आणि यज्ञ यांच्या द्वारे देवाजवळ जाण्याचे विधी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १०व्या अध्यायात म्हटले आहे की, याजक रोज उभा राहून तेच तेच यज्ञ करी, ख्रिस्त मात्र एकच यज्ञ अर्पून देवाच्या उजवीकडे बसला. सुंता आणि मोशेचे विधी यहूदीतर विश्वासणाऱ्यांवर लादू नयेत, असा निर्णय यरुशलेमेतील सभेत झाला, तो प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये आहे. चोरी, व्यभिचार आणि खोटी साक्ष यांविषयी देवाचे मन बदललेले नाही. उलट डोंगरावरील प्रवचनात प्रभूने त्या आज्ञा मनातल्या विचारापर्यंत नेल्या.

प्रश्न : नवा करार इस्राएल आणि यहूदा यांच्या घराण्यांशी होता, मग आपला त्यात हक्क कोणता?

उत्तर : हक्क नाही, दया आहे. रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात पौल आपल्याला जंगली जैतुनाच्या फांद्या म्हणतो, ज्या मूळच्या झाडात कलम करून लावल्या गेल्या. आणि लगेच बजावतो की, तोडलेल्या फांद्यांपुढे, म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्या यहूद्यांपुढे, तोरा मिरवू नका, कारण तुम्ही मुळाला आधार देत नाही, मूळ तुम्हाला देते. यहूदी लोकांना देवाने टाकून दिले असे आपल्या काही उपदेशांत सहज म्हटले जाते. याच अध्यायाच्या पहिल्या वचनात पौलाने तोच प्रश्न विचारून ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले आहे.