रंगाचा पाक होता, तरी मी पडले

"मॅडम, ते खरं रक्त नव्हतंच. साखरेच्या पाकात लाल रंग कालवलेला. माझ्यासमोर कालवला होता. तरी मी पडले."

समोरची मुलगी विशीतली. आपत्कालीन वैद्यकीय प्रतिसादकाचं पहिल्या पायरीचं प्रशिक्षण घेत होती. रुग्णवाहिका येईपर्यंतची पहिली काही मिनिटं ज्यांना सांभाळायची असतात, त्यांचं हे शिक्षण. लेखी चाचण्यांत ती पुढे होती आणि पुतळ्यावर छातीचे दाब द्यायलाही तिला कधी भीती वाटली नव्हती. मग रक्तस्रावाचा सराव आला. सहाध्यायाच्या हाताला मेणाची जखम चिकटवलेली, आत लपवलेल्या नळीतून लाल पाक पाझरतोय आणि हिने कापडाची घडी ठेवून घट्ट दाबायचं. ती वाकली. त्यानंतरचं तिला आठवतं ते थेट वर्गाचं छत.

शिक्षक काही बोलले नाहीत. वर्गातल्या एकाने मात्र म्हटलं, "या कामाला काळीज लागतं." ते वाक्य घेऊन ती माझ्याकडे आली होती. "मी सोडून देऊ का?" असं तिने तीन वेळा विचारलं.

हा प्रश्न मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून, स्वयंसेवकांकडून अनेकदा ऐकला आहे. म्हणून तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या सत्रात मी तिची भीती इतर भीतींसारखीच धरली आणि तिला शरीर सैल सोडायला, श्वास लांबवायला शिकवलं. ती मन लावून शिकली. पुढच्या सरावात तिने अगदी तसंच केलं, अंग सैल सोडलं, आणि या वेळी आधीपेक्षा लवकर कोसळली. ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खात्री होती. आता तर सिद्धच झालं, अशी.

तिथे मला थांबून नीट विचार करावा लागला. कुत्र्याची, उंचीची, गर्दीची भीती वाटते तेव्हा छातीत धडधडतं, रक्तदाब चढतो आणि चढलेलाच राहतो. अशी माणसं "आता पडणार" म्हणतात, पण पडत नाहीत. रक्त किंवा जखम पाहून होणाऱ्या त्रासाची चाल वेगळी असते. आधी नाडी आणि रक्तदाब थोडे चढतात, मग दोन्ही झपकन खाली येतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खरोखरच शुद्ध हरपतो. म्हणजे ज्या शरीराचा दाब आधीच घसरतोय, त्याला मी आणखी सैल व्हायला सांगत होते. मी तिची माफी मागितली आणि हे सगळं तिला कागदावर रेघ काढून दाखवलं. चढणारी आणि मग कोसळणारी ती रेघ ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे हा भित्रेपणा नाही?"

नाही. पाक खोटा होता, पण तिच्या शरीराने दिलेलं उत्तर खरं होतं. डोळ्यांनी लाल पाहिलं, पुढचं काम तिला न विचारता झालं. घरात बोट कापलं की दुसऱ्या खोलीत जाणारी तिची मावशीही अशीच. हा स्वभाव कुटुंबांत चालत आलेला दिसतो.

पुढे जाण्याआधी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. ही पायरी मी कधीच गाळत नाही, कुणी गाळूही नये. रक्त दिसलं की येणारी भोवळ एक गोष्ट. पळताना, जिना चढताना किंवा काहीच कारण नसताना शुद्ध जात असेल, तर हृदयाची तपासणी व्हायलाच हवी. तिची तपासणी व्यवस्थित निघाली.

मग आम्ही उलट दिशेने निघालो. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात या त्रासासाठी स्नायू ताणण्याची पद्धत मांडली. दंड, पोट, मांड्या एकदम घट्ट आवळायच्या आणि चेहऱ्यात ऊब जाणवेपर्यंत, साधारण 10 ते 15 सेकंद, तशाच धरायच्या. मग सोडायचं, पण ढिलं पडायचं नाही, फक्त नेहमीसारखं व्हायचं. 20 ते 30 सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा. याने दाब वर येतो आणि शुद्ध टिकते. उच्च रक्तदाब असेल, हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आठवडाभर ती रोज हे रक्ताशिवाय करत राहिली. नंतर फोटो, आधी खरचटल्याचे, मग खोल जखमांचे. नंतर माझ्याच टेबलावर लाल पाकाची वाटी. खरी मेहनत होती ती पहिली खूण ओळखण्यात. तिला आधी जांभई येते. मग वरच्या ओठावर घाम, कानात गुंई, आणि शेवटी डोळ्यांच्या कडा काळवंडतात. कडा काळवंडेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. जांभईलाच स्नायू आवळले तर हाताशी पुरेसा वेळ उरतो. इतकी वर्षं ती त्या जांभईला कंटाळा समजत आली होती.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी विचारलं, "या क्षेत्रात यावंसं वाटलं कशामुळे?" तिने बसमधला प्रसंग सांगितला. एक आजोबा सीटवरून घसरले, घशातून घरघर येत होती. लोक म्हणत होते, श्वास चालू आहे. एक बाई उठल्या, त्यांना खाली सपाट निजवलं, छातीकडे बघत दहा सेकंदांच्या आत ठरवलं की हा श्वास नव्हे, आणि दाब द्यायला लागल्या. दाब देता देता बोटाने माणसं दाखवत होत्या: तुम्ही फोन करा, तुम्ही दार मोकळं करा. हिच्याकडे बघून म्हणाल्या, "तू मोठ्याने आकडे मोज." ती मोजत राहिली. रुग्णवाहिका येईपर्यंत आवाज कापला नाही, असं तीच म्हणाली.

"तेव्हा भोवळ आली?"

"नाही. पण तिथे रक्त नव्हतं ना."

हे उत्तर तिने स्वतःला कमी लेखण्यासाठी दिलं होतं. मला मात्र त्यात तिच्या प्रश्नाची फोड दिसली. तिने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंडाळल्या होत्या. रक्त पाहून दाब घसरणं ही एक, आणि संकटात हातपाय गळणं ही दुसरी. पहिली तिच्यात होती, आणि तिच्यावर उपाय होता. दुसरी तिच्यात आहे याला काहीच पुरावा नव्हता, उलट पुरावा विरुद्ध बाजूचा होता. तिच्यासमोर माणूस मरणाच्या दारात होता आणि नेमून दिलेलं काम तिने शेवटपर्यंत केलं होतं.

प्रशिक्षण नेमकं हेच करतं, हे मला असे विद्यार्थी भेटल्यावर उमगत गेलं. घाबरलेलं मन अरुंद होतं, सुचेनासं होतं. म्हणून पायऱ्या आधीच बसवलेल्या असतात. जागा सुरक्षित आहे का, हातमोजे घातले का, माणूस हाकेला ओ देतो का, श्वास आहे का. छातीचे 30 दाब, मग 2 श्वास. मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल इतके. आणि साधारण दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा, कारण दाब उथळ व्हायला लागतात आणि ते करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

हा शेवटचा नियम मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. शरीर थकणार हे या विद्येने गृहीतच धरलं आहे, त्याची लाज ठेवलेली नाही. "बदल" म्हणून बाजूला होणं ही तिथे शिस्त आहे. मग जांभई आल्यावर जोडीदाराला "दाब तू धर" म्हणून एका गुडघ्यावर बसणं वेगळं का मानायचं? तिने शिक्षकांना आधीच जाऊन सांगावं, असं मी सुचवलं. याला ती सगळ्यात जास्त घाबरली. तरी गेली. त्यांनी जोडीदार ठरवून दिला आणि सराव तीन वेळा जास्तीचा करून घेतला.

पास होशीलच, असं वचन मी तिला दिलं नाही. सगळ्यांचा त्रास इतका आवरत नाही. एकट्याने घटनास्थळी जाणाऱ्याला मध्येच शुद्ध जाणं परवडत नाही, रुग्णाला तर नाहीच. सहा-आठ आठवडे प्रामाणिकपणे करूनही भोवळ थांबली नाही तर, रुग्णवाहिकेसाठी फोन घेऊन समोरच्याला पायरी पायरीने सूचना देण्याचं कामही तितकंच मोलाचं आहे, हे आम्ही उघडपणे बोललो. तिला ते आवडलं नाही. पण ऐकून घेतलं.

ती प्रात्यक्षिकात उत्तीर्ण झाली. मध्ये एकदा जांभई आली, तिने मांड्या आवळल्या, जखमेवरचा हात काढला नाही.

काही महिन्यांनी फोन आला. पहिला खरा प्रसंग होऊन गेला होता, कपाळाला मोठी जखम झालेला माणूस. तिने दाब धरला, तो बोलत राहील असं बघितलं आणि रुग्णवाहिकेतल्या लोकांना सगळं नीट सांगून त्याला सोपवलं. चक्कर आली नाही. पण दोन रात्री झोप नव्हती आणि हातमोज्यांचा वास आला की तो चेहरा समोर येत होता. "मॅडम, हे काय आता नवीन?"

पहिले काही दिवस असं होणं नेहमीचं आहे, मी म्हटलं. ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याच्याशी बोल. कुणी बसवून सगळं उकरून काढायला लावत असेल तर त्याची सक्ती नाही, तसल्या एका बैठकीने फायदा होतो असं अभ्यासांतही दिसलेलं नाही. जेवण, झोपेची वेळ सांभाळ. महिना उलटूनही चेहरा जात नसेल, किंवा कामावर जायला पाय उचलत नसेल, तर थांबू नकोस, ये.

ती क्षणभर गप्प होती. मग विचारलं, "आणि तसं काही नसताना आले तर चालेल?"

बुधवारची संध्याकाळ आम्ही ठरवली.